हलक्या कानाचे यंत्र

घरगुती एस्प्रेसो यंत्रात पाणी तापवणारा बॉयलर असतो, पाणी ढकलणारा पंप असतो आणि या दोघांना हुकूम सोडणारा एक सर्किट बोर्ड असतो. बोर्डाला स्वतःला काही दिसत नाही आणि काही जाणवतही नाही. टाकीत पाणी आहे की संपले, बॉयलर कोमट आहे की भाजेल इतका तापला, हे त्याला सेन्सर सांगतो आणि सेन्सर सांगेल ते तो निमूट खरे मानतो. अशा अधिकाऱ्याला मराठीत हलक्या कानाचा म्हणतात. हजारो रुपयांचे यंत्र शे-दोनशे रुपयांच्या एका तुकड्याच्या सांगण्यावरून सकाळी सात वाजता असहकार पुकारते, ते याच स्वभावामुळे. अशा वेळी बॉयलर धडधाकट असतो, पंप ठणठणीत असतो. बदलायचा असतो तो फक्त खबऱ्या.

जुन्या यंत्रांना हा त्रास नव्हता. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझ्झेराने आपल्या यंत्रात एकेक कप ताजा काढण्याची सोय केली. पुढे अकिले गाज्जाने वाफेला बाजूला सारून पाणी दट्ट्याने दाबण्याची युक्ती काढली. पेटंट १९३८चे, आणि तरफेचे यंत्र महायुद्ध संपल्यावरचे. तरफ ओढणाऱ्याचा दंड हाच तेव्हा दाबाचा सेन्सर होता आणि तो लचकला तर सुटा भाग न मागवता दुसरा माणूस उभा करता येई. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दंडाचे काम विजेच्या पंपाकडे सोपवले. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला झालेल्या सूर्यग्रहणावरून यंत्राला हे नाव पडले. ग्रहण सुटले, पंप राहिला, आणि पंपापाठोपाठ त्याच्यावर नजर ठेवणारे आले.

तापमानाचे एवढे कोडकौतुक कशासाठी, हा प्रश्न चहावर वाढलेल्या घरात रास्तच आहे. इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या नियमाप्रमाणे ७ ग्रॅम कॉफीतून ९ बार दाबाने, २५ सेकंदांत, २५ मिलिलिटर अर्क निघाला पाहिजे आणि यंत्राबाहेर पडणारे पाणी ८८ अंश सेल्सिअसचे पाहिजे. फार तर दोन अंश इकडे-तिकडे. घरगुती यंत्रांचे बॉयलर साधारण ९० ते ९६ अंशांच्या पट्ट्यात राखले जातात, कारण वाटेत पाणी काही अंश निवते. पाणी फार थंड असले तर कॉफी आंबट लागते, फार गरम असले तर कडू. चहाच्या पातेल्याला ही काळजी नसते. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, त्यापुढे ते कितीही गॅस जाळला तरी तापत नाही, आणि उकळलेले पाणी ओळखायला डोळे पुरतात.

तापमान सांगणारे सेन्सर दोन जातींचे. साध्या यंत्रांत दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. त्या ओढाताणीत चकती टक् आवाज करून उलटी होते आणि हीटरचा प्रवाह तुटतो. जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात, भर समुद्रात रेखांश काढण्यासाठी केलेल्या घड्याळात अशी दोन धातूंची पट्टी बसवली होती. तिचे वंशज आता कॉफी गार होऊ नये म्हणून राबतात. या चकतीला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोलता येते, आणि एकदा ‘नाही’ म्हटले की बॉयलर बरेच अंश निवेपर्यंत ती मत बदलत नाही. हे हेलकावे सहन न होणारे हौशी लोक चकती काढून तिच्या जागी पीआयडी नावाचा नियंत्रक बसवतात. त्यामागचे गणित निकोलस मिनोर्स्कीने १९२२ साली जहाजाचे सुकाणू आपोआप सरळ ठेवण्यासाठी मांडले. युद्धनौका मार्गावर ठेवणारी विद्या चमचाभर पाण्याला पुरेशी पडते, तरी हौशी मंडळींचे समाधान होतेच असे नाही.

दुसरी जात थर्मिस्टरची, आणि आजच्या यंत्रांत बहुधा तोच सापडतो. धातूंच्या ऑक्साइडचा बारीक मणी, त्याला दोन वायरी, वर पितळी किंवा स्टीलची टोपी. एरवी धातूची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, याचा घटतो. सिल्व्हर सल्फाइडचा हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडेने १८३३ साली नोंदवला होता. २५ अंशांना १० हजार ओहम रोध असलेला थर्मिस्टर १०० अंशांना हजार ओहमच्याही खाली येतो. बोर्ड हा आकडा वाचतो आणि त्यावरून बॉयलरची तब्येत ठरवतो. बॉयलरला बिलगून एक थर्मल फ्यूजही असतो, पण त्याची गणना खबऱ्यांत करत नाहीत. बाकी सगळे गाफील राहिले आणि बॉयलर हाताबाहेर तापला की तो स्वतः जळतो आणि वीज तोडतो. हे त्याला आयुष्यात एकदाच करता येते.

पाण्याची बातमी देणारे वेगळे. टाकीत लोहचुंबक बसवलेला तरंगता गोळा असतो. पंपाच्या वाटेवर इवलेसे पाते फिरत असते आणि त्यातल्या चुंबकाच्या फेऱ्या हॉल सेन्सर मोजतो. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम येथे किती मिलिलिटर पाणी गेले याचा हिशेब ठेवतो. या पात्यात क्षाराचा एक कण अडकला तरी फेऱ्या थांबतात आणि पाणी धो-धो वाहत असताना बोर्ड ‘पाणी नाही’ असा दिवा लावतो. असे पाते खोलून धुतले की बहुतेक वेळा चालू लागते.

सेन्सर बदलण्याआधी तो खरोखर खोटे बोलतो आहे का, हे पाहावे लागते. येथे महाराष्ट्रातील शहरी स्वयंपाकघरांचा एक खास अध्याय जोडणे भाग आहे. स्वतंत्र वाफेचा बॉयलर असलेल्या यंत्रांत पाण्याची पातळी धातूच्या सळईने ओळखतात. सळईचे टोक पाण्याला टेकले की पाण्यातून बॉयलरच्या अंगापर्यंत अगदी क्षीण प्रवाह वाहतो आणि बोर्डाला कळते की पाणी पुरेसे आहे. हा प्रवाह वाहतो तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या जिवावर. ओट्यावरचा आरओ मात्र तेच क्षार निष्ठेने काढून टाकत असतो. त्याने फारच मन लावून काम केले असेल तर पाण्यातून पुरेसा प्रवाह जात नाही आणि गळ्यापर्यंत भरलेला बॉयलर बोर्डाला कोरडा वाटतो. बोर्ड पंप चालू ठेवतो. बॉयलर तुडुंब होतो, वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणी येते, ओटा भिजतो, आणि घरातले सर्वजण एकमुखाने सेन्सरला दोषी ठरवतात. नवा सेन्सर येतो. तोही तीच साक्ष देतो, कारण ती खरी असते: विजेच्या हिशेबाने तेथे पाणी नाहीच.

यावर आरओच्या पाण्यात थोडे नळाचे पाणी मिसळण्याचा उपाय सांगतात. धरणाचे पाणी येणाऱ्या वस्तीत तो लागू पडतो. सोसायटीला बोअरवेल किंवा टँकर पाजत असेल तर मात्र कथेला दुसरी बाजू फुटते. ते पाणी बहुधा जड असते. तापले की त्यातला क्षार सळईवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, थर वीज अडवतो, आणि बोर्डाला पुन्हा बॉयलर कोरडा वाटू लागतो. पाण्यात क्षार नसले तरी सळई मुकी, जास्त असले तरी मुकी. दोन्हीची लक्षणे तंतोतंत एक आणि दोन्हीवरचे उपाय परस्परविरुद्ध असल्याने, कोणते पाणी वापरता हा प्रश्न यंत्राच्या मॉडेलच्याही आधी विचारायला हवा. थर असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने किंवा कंपनीच्या द्रावणाने तो काढावा. बाजारातून सेन्सर आणण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि म्हणूनच ते सर्वांत शेवटी सुचते.

थर्मिस्टर दोन तऱ्हांनी बिघडतो. वायर तुटली किंवा मणी तडकला तर रोध अमर्याद होतो. बोर्डाच्या भाषेत अमर्याद रोध म्हणजे अमर्याद थंडी. तो अगदीच भोळा असता तर ही थंडी घालवण्यासाठी त्याने बॉयलर फ्यूज जाईपर्यंत तापवला असता; पण एवढी थंडी कोणाच्याही ओट्यावर पडत नाही, इतकी अक्कल त्याला कारखान्यातच शिकवलेली असते. तो दिवे लुकलुकवतो आणि स्वस्थ बसतो. दुसरी तऱ्हा जास्त लबाड आहे. कनेक्टरमध्ये दमटपणा शिरला की प्रवाहाला मण्याला वळसा घालून जाणारी चोरवाट मिळते, एकूण रोध घटतो, आणि बोर्डाला वाटते की बॉयलर छान तापला आहे. कोणताही दिवा लुकलुकत नाही. यंत्र ‘तयार’ असल्याचे सांगते आणि कोमट, आंबट कॉफी देते. हा बिघाड कित्येक आठवडे बिघाड म्हणून ओळखलाच जात नाही. बिया बदलल्या जातात, दळण बारीक केले जाते, दूधवाल्याला बोलणी बसतात.

सोक्षमोक्ष मल्टिमीटर लावतो. यंत्र बंद करून, प्लग भिंतीतून काढून, ते पूर्ण निवल्यावर सेन्सरचा कनेक्टर सोडवायचा आणि २० किलोओहमच्या पट्टीवर रोध मोजायचा. १० हजारांचा सेन्सर १० हजारांच्या आसपास बोलला पाहिजे, असे कोणतेही मार्गदर्शक सांगते. पण हा आकडा २५ अंशांचा आहे, आणि मार्गदर्शक लिहिणारा बहुधा पुण्यात मे महिना काढत नाही. ३८ अंशांच्या खोलीत तोच निरोगी सेन्सर सहा हजारांच्या आसपास दाखवतो. उन्हाळ्यात निकामी ठरवून फेकलेल्या सेन्सरांपैकी काहींचा गुन्हा खोलीचे तापमान बरोबर सांगणे एवढाच असतो. त्यामुळे एका आकड्यावर विश्वास न ठेवता सेन्सरचे टोक चिमटीत धरावे. बोटांच्या स्पर्शाने आकडा हळूहळू सरकू लागला तर मणी जिवंत आहे. मग टोक कपातल्या गरम पाण्यात बुडवून, शेजारी तापमापी ठेवून, दोन-तीन ठिकाणचे आकडे लिहून घ्यावेत. चाचणी तशी सोपी आहे. अवघड असते ते कपात गरम पाणी आणि त्यात कॉफी नाही, हे दृश्य घरच्यांना समजावणे.

सेन्सर खराबच निघाला तर खरेदी. सेवा केंद्रात चौकशी केल्यास सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण बॉयलर जोडणीसकट घ्यावा लागेल, असे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी. मग पाय आपोआप पुण्यात तापकीर गल्लीकडे किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे वळतात. तेथील संवाद साधारण ठरलेला असतो.

“कशाचा पाहिजे?”

“कॉफी मशीनचा.”

“कॉफीचा वेगळा नसतो हो साहेब. टेन के आहे ना? मग टेन के म्हणजे टेन के. एसीचा देतो, गॅरंटी.”

दुकानदाराचे म्हणणे २५ अंशांपुरते शंभर टक्के खरे आहे. थर्मिस्टरला रोधाखेरीज आणखी एक आकडा असतो, त्याला बीटा म्हणतात, आणि तापमानाबरोबर रोध किती वेगाने घटणार हे तो ठरवतो. ३९५० बीटाचा आणि ३४३५ बीटाचा असे दोन्ही सेन्सर २५ अंशांच्या दुकानात १० हजारच दाखवतील. बॉयलरवर गेल्यावर त्यांचे पटेनासे होते. ३९५० बीटाचा सेन्सर ९३ अंशांना सुमारे ८५० ओहम दाखवतो. दुसऱ्याला तेथवर उतरायला १०६ अंश लागतात. बोर्ड ९३ समजून १०६ पर्यंत तापवत राहतो आणि कॉफीऐवजी फुत्कार मिळतो. शिवाय एसीच्या सेन्सरचे रेझिनचे आवरण एसीच्या हवामानासाठी बेतलेले असते. दिवसातून दोनदा वाफेच्या तापमानाला, म्हणजे १३०-१४० अंशांपर्यंत, चढण्याची त्याची तयारी नसते. थ्रीडी प्रिंटरचा काचेचा मणी उष्णतेला घाबरत नाही, पण तो बहुधा एक लाख ओहमचा असतो. तेव्हा जुन्या सेन्सरचे कपात मोजलेले आकडे खिशात घेऊनच दुकानात जावे. ते नसतील तर दुकानदाराशी वाद घालू नये. तो हरत नाही.

यंत्र उघडण्याचा विधी यानंतरचा. प्लग काढलेला असलाच पाहिजे. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण ते दोनपैकी एकच वायर तोडत असेल आणि सॉकेटमध्ये इलेक्ट्रिशियनने फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली असेल तर बंद यंत्रातही २३० व्होल्ट वाट पाहत असतात. बॉयलरमधला दाब वाफेची नळी उघडून सोडावा आणि पाणी काढून टाकावे. बाहेरचे काही स्क्रू साधे असतात. उरलेल्यांची डोकी ताऱ्याच्या आकाराची व मध्ये खुंटी असलेली, किंवा चक्क अंडाकृती असतात. घरात कोठेही सापडणार नाही असे हत्यार लागावे, हाच त्या आकाराचा हेतू. पक्कड लावून ते फिरवण्याचा मोह आवरावा; एकदा डोके गोल झाले की कंपनीचा हेतू पूर्ण सफल होतो. सुटणाऱ्या प्रत्येक वायरीचा मोबाइलवर आधी फोटो काढावा. झाकण निघाल्यावर आत झुरळे दिसणे हा अपवाद नव्हे. अंधार, ऊब आणि ओल या तिन्ही सोयी एकत्र देणारी जागा घरात दुसरी नाही, आणि वायरींच्या आवरणाला व कनेक्टरला त्यांचा उपद्रव होतो. या टप्प्यावर घरातल्या आजी येऊन एकवार आत पाहतात, “तोवर चहा टाकू का?” असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता टाकतात.

सेन्सर बॉयलरवर दोन प्रकारे बसतो. कोरड्या भोकात बसणारा असेल तर टोकाला पांढरी थर्मल पेस्ट लावतात. ती धातू आणि टोपी यांच्यामधली हवा हटवण्यापुरतीच लागते. थाप जाड झाली की तीच उष्णतेच्या वाटेत उभी राहते आणि सेन्सर बातमी उशिरा देऊ लागतो. पाण्यात थेट शिरणारा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची, आटे फिरतात त्याच दिशेला, नाहीतर बसवताना ती सोललेल्या सालीसारखी निघून येते. येथे घरोघरच्या नळकामाचा अनुभव घातक ठरतो. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर त्याचे आटे मऊ असतात. हाताने लागेल तितके घट्ट करून पान्याने थोडाच वळसा द्यावा. ‘अजून थोडे’ म्हणत दिलेल्या झटक्यात आटे गेले, तर सेवा केंद्राने सुरुवातीला सांगितलेली पूर्ण बॉयलर जोडणी आता खरोखरच घ्यावी लागते. वायर बॉयलरच्या अंगाला टेकू देऊ नये आणि कनेक्टर नळ्यांच्या सांध्याखाली ठेवू नये, म्हणजे पुढची गळती थेट त्यात उतरणार नाही.

झाकण लावण्याआधी टाकी भरून पंप चालवावा आणि बॉयलर पाण्याने भरल्याची खात्री करावी. कोरड्या बॉयलरवर हीटर चालू झाला तर थर्मल फ्यूज आपले आयुष्यातले एकमेव काम उरकून टाकतो. भरताना आतल्या उघड्या जोडण्यांना हात लावायचा नाही. मग यंत्र तापू द्यावे आणि सांध्यांवर थेंब जमतो का ते पाहावे. कपात पडणाऱ्या पाण्याचे तापमान मोजताना ते बॉयलरपेक्षा काही अंश कमी भरणार हे लक्षात ठेवावे, कारण वाटेतला धातू आणि कप आपला वाटा घेतात. हा फरक पाहून सेन्सर पुन्हा काढण्याची घाई बरेच जण करतात. आकडा रोज तोच येत असेल तर तो फरक चालतो. रोज वेगळा येत असेल तर कनेक्टर तपासावा. पहिले दोन-तीन कप पाणी बेसिनमध्ये ओतून द्यावे.

सर्व ठीक असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर नव्या सेन्सरचे ओहम, बीटा आणि बसवल्याची तारीख लिहावी. जुना सेन्सर ई-कचऱ्यात जायला हवा. प्रत्यक्षात तो स्क्रू, सेल आणि कशाच्या तरी चाव्या असलेल्या खणात जातो. तसे होणारच असेल तर त्याला चिकटपट्टी गुंडाळून वर ‘खराब’ असे ठळक लिहावे, कारण दिसायला तो अगदी नव्यासारखा असतो आणि पुढच्या वेळी यंत्र बंद पडले की घरातले कोणीतरी तोच शोधून काढून बसवते.